मोगरा, गुलाब, लॅव्हेंडर यांच्या तेलांत नेमकं काय असतं? त्यांनी खरंच जंतू मरतात का?

मोगऱ्याने जंतू मरत असते, तर माझ्या आईला वर्षातून दोनदा नखुरडं झालं नसतं.

हे वाक्य मी १९९४ साली एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या वेळी माझ्या गाइडसरांना तोंडावर ऐकवलं होतं आणि ते मला चांगलंच महागात पडलं. तुम्ही विचारलंय की बोरिवलीत घरच्या घरी मोगरा, गुलाब आणि लॅव्हेंडरची तेलं घालून हँडवॉश करून विकायचा बेत आहे, तेल विकणाऱ्याने पाठवलेल्या पत्रकात मोगऱ्यापुढे ‘जंतुनाशक, झोन १६ मिमी’ असं छापलंय, तर ते खरं मानायचं का. तो ‘१६ मिमी’ वाचला आणि माझं डोकं फिरलं. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी फुलांचं सांगते, कारण ती माझ्या घरातलीच. वडील लोअर परळला गिरणीत होते. ८२ चा संप झाला, पगार बंद पडला आणि आई दादरच्या फूलबाजारात जायला लागली. पहाटेच्या लोकलने वसईकडची माणसं टोपल्या घेऊन उतरायची. त्यांच्याकडून कळ्या घ्यायच्या, डिलाईल रोडच्या खोलीत आणून ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, दुपारपर्यंत गजरे ओवायचे आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर टोपली मांडायची. मोगऱ्याची कळी सकाळी मुकी असते. वास सुटतो तो संध्याकाळी, उमलताना. गजरा गिऱ्हाइकाच्या हातात नेमका तेव्हा पडला पाहिजे, हे गणित आईला कुठल्याही केमिस्टपेक्षा पक्कं ठाऊक होतं.

पण बोटं दहा-दहा तास ओली. आधी नखाच्या कडेला सूज, मग ठणका, मग पू. हळदीचा लेप लावायची, चिंधी बांधायची आणि त्याच बोटांनी पुन्हा मोगराच ओवायची. शेजारी बसणाऱ्या बायकांचंही तेच. फुलांत आयुष्य काढणाऱ्या बाईची बोटं पाहिलीत कधी?

मी एमएस्सीला ऑरगॅनिक केमिस्ट्री घेतली. सरांनी विषय दिला: मोगऱ्याच्या तेलाचं रासायनिक विश्लेषण आणि त्याचा जंतुरोधक गुण. मला हाच विषय का, तर ‘तुझ्या आईकडून फुलं फुकट येतील.’ तेव्हा वर्गातली पोरं हसली होती, मीही हसले होते. आता आठवलं की हसू येत नाही.

अर्धा किलो कळ्या घेऊन मी क्लेव्हेंजरवर लावल्या. म्हणजे फुलं पाण्यात उकळायची, वाफ थंड करायची आणि वर तरंगणारं तेल मोजायचं. चार तासांनी तेल दिसेना आणि अख्ख्या प्रयोगशाळेला पालेभाजी जास्त शिजल्यावर येतो तसला वास. इथेच तुमच्या प्रश्नातली पहिली गोष्ट निकालात निघते. मोगरा, जाई, निशिगंध ही फुलं धंद्यात सहसा वाफेवर काढत नाहीत. तेल अत्यल्प असतं आणि उकळलं की वासाची वाट लागते. मग ती हेक्झेन नावाच्या द्रावकात भिजवतात. हेक्झेन उडवलं की मेणचट पिवळा गोळा राहतो, त्याला काँक्रीट म्हणतात. तो अल्कोहोलने धुतला, मेण थंड करून गाळून टाकलं आणि अल्कोहोल उडवलं की उरतं ते अ‍ॅब्सोल्युट. म्हणजे काटेकोर बोलायचं तर ‘मोगऱ्याचं इसेन्शिअल ऑइल’ असं काही नसतंच, कारण त्या नावाला वाफेने किंवा पिळून काढलेलंच तेल चालतं. तुमच्या विक्रेत्याने बाटलीवर तसं लिहिलं असेल तर त्याला एकतर माहीत नाही किंवा त्याने बाटलीत दुसरंच काहीतरी भरलंय.

तर मी अ‍ॅब्सोल्युट काढलं. कॉलेजात गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून दाखवणारं यंत्र) नव्हता, ओळखीने एका कंपनीत नमुना चालवून आणला. मोगऱ्यात मुख्यतः लिनॅलूल, बेंझिल अ‍ॅसिटेट, अल्फा-फार्नेसीन, थोडं मिथाइल अँथ्रानिलेट (द्राक्षाच्या गोळीला येतो तो वास) आणि थोडं इंडोल. या इंडोलचं मला भारी कौतुक आहे. नुसतं हुंगलं तर डांबराच्या गोळ्या आणि संडास यांच्या मधलं काहीतरी, पण मोगऱ्यातून ते काढून टाका, मोगरा साबणासारखा वास मारायला लागतो. आई म्हणायची, ‘चांगल्या मोगऱ्याला थोडी घाण लागते.’ तिला इंडोल माहीत नव्हतं.

आता प्लेट. अगरवर (जंतू वाढवायची जेली) स्टॅफिलोकॉकस ऑरियस या पू करणाऱ्या जंतूची पातळ चादर पसरायची, वर ६ मिमीची कागदी चकती ठेवायची, तिच्यावर तेल, आणि ३७ अंशांवर रात्रभर. सकाळी चकतीभोवती जंतू न वाढलेलं जे स्वच्छ वर्तुळ दिसतं तो झोन. मोगऱ्याचा आला १२ मिमी. सर खूश. मी शेजारच्या चकतीकडे पाहिलं. तिच्यावर तेल नव्हतंच, नुसतं अल्कोहोल होतं, ज्यात मी तेल पातळ केलं होतं. तिचा झोन ११.

झालं होतं इतकंच की घाईत मी चकत्या नीट सुकू दिल्या नव्हत्या. ओलं अल्कोहोल अगरमध्ये उतरलं आणि त्यानेच जंतू अडवले. पुन्हा केलं, या वेळी चकत्या पूर्ण सुकवून. कंट्रोलचा, म्हणजे तेल नसलेल्या चकतीचा, झोन आला ६, म्हणजे चकतीचीच रुंदी, म्हणजे शून्य. मोगऱ्याचा आला ८, तोही धुरकट कडांचा. ई. कोलाय या दुसऱ्या जंतूच्या प्लेटवर तर झोनच नाही. तीनदा केलं. तेच.

सर म्हणाले, पहिले आकडे घे आणि कंट्रोलचा रकाना गाळ, तेवढं चालतं. तेव्हा मी ते नखुरड्याचं वाक्य बोलले. त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर, इतक्या वर्षांनी कबूल करते, बरोबर होतं: फुलात तेल किती, अगदी जेमतेम. आईच्या बोटांवर दहा तासांत ते किती उतरणार? तिच्या बोटांवरून तेलाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. इथे ते जिंकले. पण रकाना गाळण्याबद्दल ते चूक होते, तेव्हाही आणि आजही. मी रकाना ठेवला. प्रबंधात दोन्ही दिवसांचे आकडे छापले, पहिल्याच्या खाली ‘चकती ओली होती’ असं लिहिलं. सर माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. वर्गातल्याच एकाने निशिगंधावर तसंच काम केलं, कंट्रोलशिवाय, आणि त्याच्या पोस्टरला कॉलेजात पहिलं बक्षीस मिळालं. माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाटली हुंगली, ‘वा’ म्हणाले आणि कंट्रोलबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बी ग्रेड.

तर तुमचा प्रश्न. मरतात का? काहींनी मरतात, पण वासावर जाऊ नका. ज्या तेलाचा वास जास्त गोड ते बहुतेक वेळा जंतूंना कमी जड जातं. तेलातल्या रेणूंच्या प्रकारांचा साधारण क्रम असा लक्षात ठेवा: फिनॉल सगळ्यांत जहाल, मग अल्डिहाइड, मग अल्कोहोल, आणि एस्टर व नुसते हायड्रोकार्बन सगळ्यांत मवाळ. मोगऱ्यातलं बेंझिल अ‍ॅसिटेट, लॅव्हेंडरमधलं लिनॅलिल अ‍ॅसिटेट हे एस्टर. वास स्वर्गीय, मारकशक्ती बेताची.

काम कसं होतं तेही सांगते. जंतूच्या पेशीभोवती तेलकट पडदा असतो. तेलातले रेणू स्वतः तेलकट असल्याने त्या पडद्यात घुसतात, तो सैल करतात आणि आतलं पोटॅशियम, आतली ऊर्जा बाहेर गळायला लागते. फिनॉलच्या रेणूवरचा ओएच गट हे काम जास्त जोरात करतो. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंना हा एवढाच पडदा असतो. ई. कोलाय, स्युडोमोनास यांना बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यातून तेलकट रेणू सहज शिरत नाहीत. स्युडोमोनासकडे तर आत आलेलं बाहेर उपसून टाकायचे पंपही असतात. माझ्या ई. कोलायच्या प्लेटवर झोन आला नाही म्हणून सर वैतागले होते. त्यात वैतागण्यासारखं काही नव्हतं, तो जंतूच तसा आहे.

आणि फुलांतलं सगळ्यांत जहाल फूल कोणतं? ते तुमच्या मसाल्याच्या डब्यात आहे. लवंग. लवंग म्हणजे न उमललेली, वाळवलेली कळीच. तिच्या तेलात सत्तर ते नव्वद टक्के युजेनॉल, म्हणजे फिनॉलच, शिवाय थोडं युजेनिल अ‍ॅसिटेट आणि बीटा-कॅरिओफायलीन. त्याच प्रोजेक्टमध्ये तुलनेसाठी मी लवंगेचं तेल लावलं होतं. झोन एवढा मोठा आला की शेजारच्या चकतीच्या झोनमध्ये मिसळला. दातांचे डॉक्टर झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात, ते हेच. दाढ दुखली की आई लवंग दाबून धरायची. बोटाला मात्र तिने कधी लवंग लावली नाही. मी प्लेट पाहून घरी आले आणि तिला सांगितलं, तर म्हणाली, ‘मग त्या सरांना लवंगेवर का नाही करायला सांगत?’ लवंग फुकट मिळत नव्हती, हे मी तिला सांगितलं नाही.

जाता जाता, ‘ओव्याचं फूल’ म्हणून जे खडे मिळतात ते फूल नव्हे, ते थायमॉल. तेही फिनॉल. लिस्टरिनमध्ये जी चार द्रव्यं असतात त्यातलं एक हेच. घरातल्या आजीचा बटवा यासाठी मला कुठल्याही अरोमाथेरपीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

गुलाबाबद्दल थोडक्यात. अत्तराचा गुलाब म्हणजे दमास्क गुलाब, हारात घालतात तो नव्हे. तेलात सिट्रोनेलॉल, जेरॅनिऑल, नेरॉल ही अल्कोहोलं, शिवाय वास नसलेले मेणकट पदार्थ, ज्यांच्यामुळे चांगलं गुलाबतेल थंडीत गोठतं. फिनाइल इथाइल अल्कोहोल, म्हणजे ज्याला आपण ‘गुलाबाचा वास’ म्हणतो त्यातला मोठा हिस्सा, पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. म्हणून वाफेवर काढलेल्या तेलात ते कमी आणि गुलाबपाण्यात जास्त सापडतं. जंतुरोधक गुण आहे, मोगऱ्यापेक्षा बरा. पण एक किलो तेलाला साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात. १५ मिलीच्या बाटलीचा हिशोब तुम्हीच करा, जवळजवळ पन्नास किलो गुलाब. तुम्हाला ती बाटली तीनशे रुपयांत देणारा माणूस दानशूर नाही.

लॅव्हेंडरमध्ये लिनॅलूल आणि लिनॅलिल अ‍ॅसिटेट मिळून अर्ध्याहून जास्त. तेच लिनॅलूल आपल्या धन्याच्या तेलात साठ-सत्तर टक्के असतं. फरक इतकाच की लॅव्हेंडरमधला रेणू डाव्या हातासारखा आणि धन्यातला उजव्या हातासारखा, एकमेकांची आरशातली प्रतिमा. कारखान्यात बनवलेल्या लिनॅलूलमध्ये दोन्ही अर्धे-अर्धे येतात आणि भेसळ तिथेच पकडता येते. पुढे सव्वीस वर्षं मी सुगंधी द्रव्यांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. ‘शुद्ध लॅव्हेंडर’ म्हणून आलेल्या नमुन्यांत कृत्रिम लिनॅलूल, लॅव्हेंडिन या संकरित जातीचं स्वस्त तेल आणि नुसतं पातळ करायला घातलेलं डायइथाइल थॅलेट हे त्रिकूट मला नाकाने ओळखता यायला लागलं होतं. थॅलेटला वास नसतो, पण हुंगायच्या कागदी पट्टीवरचा सुगंध ज्या पद्धतीने मरतो त्यावरून कळतं.

आता तुमचा हँडवॉश. त्यात सुगंधी तेल किती घालाल, अर्धा टक्का? लवंगेचं तेल टक्क्याच्या दहाव्या-पाचव्या हिश्शातही जंतू रोखू शकतं, लॅव्हेंडरला त्याच्या कितीतरी पट लागतं. आणि प्रयोगशाळेत जंतू त्या तेलाबरोबर रात्रभर कोंडलेला असतो. तुमच्या गिऱ्हाइकाच्या हातावर तो वीस सेकंद असणार, नंतर नळाखाली. त्या वीस सेकंदांत जे काम होतं ते साबण करतो, मोगरा नाही. साबणाचा मोगऱ्याच्या वासाचा हँडवॉश म्हणून विका, उत्तम. ‘जंतुनाशक’ हा शब्द लेबलवर नको. उलट घरी पाणी घालून केलेल्या लिक्विडमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नीट नसेल तर महिनाभरात त्यातच स्युडोमोनास वाढेल, म्हणजे तुम्ही जंतूच विकाल. ‘केमिकल-फ्री’ म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह वगळणाऱ्या लोकांशी माझं जन्माचं वाकडं आहे. लिनॅलूल हे केमिकल नाही तर काय आहे?

आणि हो, कॉस्मेटिक बनवून विकायला एफडीएचा परवाना लागतो, स्वयंपाकघरात बनवून सोसायटीच्या ग्रुपवर विकलं तरीही.

सांगायचं राहिलंच. ही तेलं थेट त्वचेला लावू नका. उघड्या बाटलीतलं लिनॅलूल हवेने ऑक्सिडाइझ होतं आणि त्यापासून बनणारे हायड्रोपेरॉक्साइड काही लोकांना जबरदस्त अ‍ॅलर्जी देतात. युरोपात लिनॅलूल, जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, युजेनॉल ही नावं ठराविक प्रमाणापुढे लेबलवर छापावीच लागतात, ती याचसाठी. लवंगेच्या तेलाची बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, झटके येऊ शकतात. घरात मांजर असेल तर डिफ्युझर नकोच, या रेणूंचा निचरा करायची सोय तिच्या यकृतात फार कमी असते. आणि जखमेवर, नखुरड्यावर तेल चोळत बसू नका, पू झाला असेल तर डॉक्टर गाठा. आईला शेवटी अँटिबायोटिकनेच बरं वाटायचं. बोटं कोरडी ठेवा असंही डॉक्टर दर वेळी सांगायचे, त्यावर ती फक्त हसायची.

मी वर वासाबद्दल जरा जास्तच ठाम बोलले. गोड वासाची सगळीच तेलं निरुपयोगी असं नाही, जेरॅनिऑल गोडच आहे आणि काम करतं. शिवाय माझे आकडे एका जुन्या प्रयोगशाळेतल्या तीन प्लेट्सचे. चकतीची पद्धतच मुळात तेलांवर अन्याय करते, कारण तेल पाणथळ अगरमध्ये पसरत नाही. म्हणून छोटा झोन म्हणजे तेल निकामी असं नाही आणि मोठा म्हणजे जहाल असंही नाही. खरं मोजमाप द्रव माध्यमात पातळ करत-करत, किमान किती तेलाने वाढ थांबते ते बघून होतं. पण ‘१६ मिमी’ छापणाऱ्याने तेवढा खटाटोप केला असेल असं मला वाटत नाही.

त्याला फोन करून तीनच गोष्टी विचारा. चकतीवर तेल किती टाकलं, ते कशात पातळ केलं होतं, आणि नुसत्या त्या द्रावकाचा झोन किती आला. तिसऱ्याचं उत्तर मिळालं तर इथे खाली लिहा. मी १९९४ पासून वाट बघतेय.